पंगतीत बसणारे, पंगत वाढणारे

नाशिकच्या रामकुंडावर माणूस उपाशी मरत नाही. कुणाच्या ना कुणाच्या नावानं रोज जेवण वाटलं जातं, पितृपक्षात तर अन्न उरतं. गोदाघाटावर झोपणाऱ्या पुरुषांचा प्रश्न पोटाचा नाही, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर, वारकरी मंडळींच्या निवाऱ्यात जायला लागल्यावर उमगलं. पोट भरतं म्हणूनच माणूस वर्षानुवर्षं घाटावर राहतो.

निवारा म्हणजे देवळामागची पत्र्याची शेड. तिथली शिस्त गाडगेबाबांची. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, रात्री कीर्तन करत. काम केल्याशिवाय कुणाची भाकरी घेत नसत. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, बेघरांना आसरा आहे, तसा बेकारांना रोजगारही आहे. पहिल्या कलमाला दाते रांग लावतात, रोजगाराच्या कलमाला शोधावे लागतात. आमच्याकडे सकाळी सगळे मिळून घाट झाडतात, संध्याकाळी हरिपाठ होतो. हरिपाठाला बसायची सक्ती नाही. एक चाचा त्या वेळी कोपऱ्यात नमाज पढतात आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसतात.

माझ्याकडे कागदपत्रांचं काम आलं. जालन्याकडच्या एका मामांना घेऊन आधार केंद्रावर गेलो. त्यांचं कार्ड कधीच हरवलं होतं, नंबर पाठ नव्हता. जन्मभर सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र ठसा घेईना. “काका, बोटं पुसा,” मुलगा म्हणाला. मामांनी धोतराला पुसली, पुन्हा तेच. शेवटी डोळ्यांवरून नोंद सापडली. पडद्यावरचं नाव मामांनी गावासकट मोठ्यानं वाचलं. त्यानंतर जनधन खातं उघडणं सोपं होतं. बँकेतल्या माझ्या जुन्या ओळखीही कामी आल्या.

खरी अडचण दारूची. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटते, असं मंडळीतले काही जण मानायचे. दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते. तिथं दवाखानाच लागतो, कीर्तन चालत नाही. पण दवाखान्यातून परतलेल्या माणसाला दिवेलागणीची वेळ खायला उठते. त्या वेळी हरिपाठ असतो, टाळ हातात असतो. मामांनी माळ घातल्यावर एकदा त्यांचे पाय गुत्त्याकडे वळलेच. गल्ल्यावरचा म्हणाला, “माऊली, तुम्ही इथं कुठं?” मामा तसेच मागं फिरले. सगळ्यांना असं जमत नाही. माळ काढून ठेवून गेलेलेही आहेत. परत आले तर कुणी हिशेब विचारत नाही, सकाळी खराटा हातात देतात.

मामांना एका केटररकडे वाढप्याचं काम मिळालं. पगार खात्यात, हातखर्चापुरतेच पैसे रोख, हे त्यांनीच ठरवून घेतलं. पुढं दोघांबरोबर खोली भाड्यानं घेतली. इतर काहींनाही मंगल कार्यालयांत लावलं. पण आषाढी एकादशी उलटली की लग्नं थांबतात, वाढप्यांचं कामही थांबतं. हातात काम नाही आणि घाटावर फुकट जेवण आहे, या महिन्यांत माणसं पुन्हा घसरतात. म्हणून त्याच सुमाराला टोमॅटोचा हंगाम सुरू होतो तेव्हा प्रतवारीच्या, क्रेट भरण्याच्या कामासाठी व्यापाऱ्यांकडे आधीच शब्द टाकून ठेवतो.

अन्नदान वाईट नाही. मीही वडिलांच्या नावानं करत आलोय. पण अन्नदान अन्नदात्याला एका दिवसात पुण्य देऊन मोकळं करतं. रोजगार देणाऱ्याला मात्र रोज सकाळी त्या माणसाची वाट बघावी लागते, आला नाही तर चौकशी करावी लागते. श्रद्धेचं काम तिथं सुरू होतं. आता कुणी पंगत घालायची म्हणून पैसे घेऊन आलं, की पावती फाडायच्या आधी आम्ही विचारतो, “माऊली, तुमच्याकडे एखाद्या माणसाला काम आहे का?”