अब्बांची खुर्ची

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत एका कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. ज्या म्हाताऱ्यांना सजदा करता येत नाही, त्यांच्यासाठी. अब्बा ५२ व्या वर्षीच त्या खुर्चीवर गेले. शेजारी बसणारे दोघे त्यांच्याच वयाचे, तेही ट्रक ड्रायव्हर.

अब्बांनी २६ वर्षं ट्रक चालवला. बरीचशी वर्षं सावदा-रावेरची केळी दिल्लीला पोचवण्यात गेली. केळी थांबत नाहीत. वाटेत पिकली की भाव पडतो, आणि बोलणी ड्रायव्हरला बसतात. म्हणून गाडी थांबायची ती डिझेलला आणि जेवायला. जुन्या गाडीची सीट म्हणजे फळीवर रेक्झिन. इंजिनची थरथर आणि खड्ड्यांचे दणके थेट मणक्यात जायचे. घरी आले की अम्मी विटेचा शेक द्यायची. कंबरदुखी ही आमच्या घरची गोष्ट आहे, असंच आम्ही समजत होतो.

गाडी सोडल्यावर एकदा अब्बा सहज बोलून गेले. सेंधव्याकडून रिकामे परतताना बिजासन घाटात त्यांचा उजवा पाय कंबरेपासून बधिर झाला होता. "पाय ब्रेकवर आहे की नाही, हे मला खाली बघून कळलं." मी विचारलं, तेव्हा शेठला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा ड्रायव्हर असता."

घाट उतरलं की पळासनेर लागतं. ४ जुलै २०२३ ला तिथे एक कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान १० माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. गाडीच्या ब्रेकसाठी निदान फिटनेस सर्टिफिकेट तरी आहे. ड्रायव्हरच्या कंबरेचं काय? लायसन्सच्या मेडिकलला अब्बांचे डोळे तपासले गेले, कंबरेचं कोणी विचारलं नाही. पण दुखणारी मान आरशाकडे पुरती वळत नाही. दुखणारी पाठ रात्री झोपू देत नाही, आणि ती राहिलेली झोप दुपारी स्टिअरिंगवर येते.

दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घातली होती. अब्बांनी ती कधी ऐकलीही नव्हती. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलंच झालं. पण गार केबिनमध्येही १६ तास बसलं तर कंबर कंबरच राहते.

माझा चुलतभाऊ आता गाडीवर आहे. अब्बा रोज फोन करून त्याला एकच सांगतात, "दर तीन तासांनी उतर. गाडीभोवती दोन फेऱ्या मार. शेठ ओरडला तर ओरडू दे."

मग फोन ठेवतात, भिंतीला धरून उठतात आणि असरच्या नमाजला निघतात.