मेजर सोडून बाकीचे विषय

बारावीचा निकाल लागला की मुकुंदवाडीत माझ्या घरी दोन-तीन आठवडे वर्दळ असते. उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या मुली, सोबत त्यांच्या अम्मी आणि मोबाइलवर उघडलेला कॉलेजचा फॉर्म. मुख्य विषय बहुतेकींचा ठरलेला असतो. उर्दू, इतिहास नाहीतर समाजशास्त्र. त्यावर घरात बोलणं झालेलं असतं, मामूंचं मत घेतलेलं असतं. गाडी अडते ती फॉर्मच्या खालच्या रकान्यांपाशी. "बाजी, ये बाकी के सब्जेक्ट कुछ भी डाल दो. जो आसान है वो डाल दो."

आज मला या 'कुछ भी'बद्दल लिहायचं आहे. कारण शिक्षण सुरळीत चालू असतं तोवर हे बाकीचे विषय कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. पण मुलीला कॉलेज बदलावं लागलं, की सगळ्यात आधी तेच विचारले जातात.

आधी हे विषय म्हणजे काय ते सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्र सरकारने त्यानुसार पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात दिला. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह असतं. ते आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागतं. म्हणजे आर्ट्सच्या मुलीने कॉमर्स किंवा सायन्सकडचं काहीतरी शिकायचं. मग भाषा, म्हणजे इंग्रजीचे ४ आणि एका भारतीय भाषेचे ४ क्रेडिट. मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञान परंपरेचे २. शिवाय कौशल्याचे विषय, एनएसएस, खेळ. पुढे या आराखड्यात बदल झाले, प्रत्येक विद्यापीठाने तो आपापल्या पद्धतीने बसवला. पण गाभा हाच आहे.

कल्पना चांगली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. इतिहास शिकणाऱ्या मुलीला बँकेचं व्याज कसं मोजतात हे कळावं, वाणिज्यच्या मुलाला चार ओळी शुद्ध लिहिता याव्यात, यात वाईट काय? आपल्याकडे जुने लोक 'तालीम' म्हणायचे तेव्हा त्यात हिशेबही होता, खुशखतही होतं आणि अदबही होती. एकाच विषयात पक्का आणि बाकी कोरा, अशा माणसाला आपण कधी तालीमयाफ्ता म्हटलं नाही.

अडचण कुठे येते ते एका मुलीच्या गोष्टीवरून सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. बीएचं पहिलं वर्ष तिने इथे चांगल्या गुणांनी पूर्ण केलं. भारतीय भाषा म्हणून उर्दू घेतली, कारण तिच्यासाठी तीच सोपी. बाकीचे विषय मैत्रिणींनी घेतले तेच घेतले. उन्हाळ्यात निकाह झाला. सासर दुसऱ्या जिल्ह्यात आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत. सासरचे लोक चांगले. "पढ़ लो बेटा, हमें क्या एतराज़," असं सासऱ्यांनी बैठकीतच सांगितलेलं. ती तिथल्या कॉलेजात गेली. मुख्य विषयाचे क्रेडिट धरले गेले. पण तिचा मायनर विषय त्या कॉलेजात नव्हता. तिथे उर्दूचा विभागही नव्हता, त्यामुळे पुढच्या वर्षाला भाषा म्हणून मराठी किंवा हिंदी घेणं आलं. आणि तिचं ओपन इलेक्टिव्ह तिथल्या यादीत कशाशीच जुळेना. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासासोबत मागचे दोन विषय नव्याने करायचे. यात कुणी वाईट वागलं नाही. एका यादीतून ती निघाली आणि दुसऱ्या यादीत पोचली, एवढंच घडलं. पण नव्या घरात, नव्या स्वयंपाकघरात, दोन जास्तीच्या विषयांचं ओझं किती होतं हे मला सांगायला नको.

आपल्या भागात ही सीमा किती जवळ आहे बघा. मुकुंदवाडी स्टेशनवरून जाणारी रेल्वे जालना, परतूर, सेलू करत परभणीला जाते. परतूर जालना जिल्ह्यात, म्हणून तिथपर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सेलू परभणी जिल्ह्यात, म्हणून तिथून पुढे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आपल्या विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे. नांदेडकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. पश्चिमेला अहिल्यानगर, नाशिक पुणे विद्यापीठात, उत्तरेला जळगाव आणखी वेगळ्या विद्यापीठात, बुलढाणा अमरावतीत. आपल्या सोयरिकी तर या सगळ्याच जिल्ह्यांत होतात. रिश्ता बघताना कुणी विद्यापीठाचा नकाशा समोर ठेवत नाही.

'इथे दोन वर्षं शिका आणि पुढचं शिक्षण दुसरीकडे' ही गोष्ट या शहराला नवी नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ ची, उर्दू माध्यमाची. औरंगाबादेत १९२३ साली त्याचं इंटरमीजिएट कॉलेज निघालं. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक इथे प्रिन्सिपल होते, १९३० साली या पदावरून निवृत्त झाले. इथे इंटर करायचं आणि बीएला हैदराबाद गाठायचं, असा तो रस्ता होता. त्या काळातही मुख्य विषयांसोबत सक्तीचे विषय होतेच. माध्यम उर्दू असूनही इंग्रजी सगळ्यांना सक्तीची होती. मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात आणि इतरांना अखलाकियात, म्हणजे नीतिशास्त्र, होतं. पण तिथे एक सोय होती. औरंगाबादेतलं कॉलेज आणि हैदराबादचं कॉलेज एकाच विद्यापीठाची यादी चालवत होते. मुलगा गाडीत बसला की त्याचे विषयही त्याच्यासोबत जात.

१९४८ नंतर ते जग बदललं. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. १९६३ साली मौलाना आझाद कॉलेज. शिकण्यासाठी शहर सोडण्याची गरज कमी झाली, ही मोठी रहमतच. आज शहर सोडावं लागतं ते शिक्षणासाठी कमी आणि निकाह, अब्बूंची बदली, बंद पडलेलं वर्कशॉप यांसाठी जास्त. चिकलठाणा एमआयडीसीत काम करणाऱ्या घरांना विचारा, काम पुण्याकडे गेलं की घरही जातं.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. त्यासाठीच यूजीसीने जुलै २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. विद्यार्थ्याचं एक खातं, त्यात मिळवलेले क्रेडिट जमा, सात वर्षांपर्यंत ते वापरता येतात. ऐकायला अगदी पोस्टाच्या बचत खात्यासारखं. पण बँकेत पैसे असणं वेगळं आणि दुकानदाराने ती नोट घेणं वेगळं. क्रेडिट खात्यात दिसतात, तरी कोणता विषय कशाच्या जागी धरायचा हे नवं कॉलेज आणि विद्यापीठच ठरवतं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात याच दुखण्यावर एक इलाज केला आहे. तिथे गरीब आणि नोकरदार घरांतली पुष्कळ मुलं आधी दोन वर्षांच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात जातात आणि मग मोठ्या विद्यापीठात. तिथल्या दोन सरकारी विद्यापीठ व्यवस्थांच्या सामान्य विषयांच्या याद्या वेगवेगळ्या होत्या. कुठे जागा मिळेल हे ठाऊक नसलेलं पोर दोन याद्यांच्या मध्ये अडकायचं. २०२१ साली तिथे कायदा झाला आणि २०२५ पासून दोन्हीकडे चालणारी एकच यादी आली, ३४ युनिटची. शिवाय कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे धरला जातो, हे एका वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. आपल्याकडे मेजर प्रत्येक विद्यापीठाने हवं तसं ठेवावं. पण भाषा, ओपन इलेक्टिव्ह आणि मूल्यशिक्षण यांची एक सामायिक यादी महाराष्ट्रभर का असू नये? आपल्या समाजाच्या संस्था, अंजुमन, शिक्षक संघटना आरक्षण आणि शिष्यवृत्तीवर निवेदनं देतात, दिलीच पाहिजेत. त्यात ही एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

ती यादी येईल तेव्हा येईल. तोवर माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी जे सांगते ते इथे लिहिते.

भाषेचा रकाना सगळ्यात विचार करून भरा. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे एकीची वकिली करून दुसरीला कमी लेखणं माझ्याच्याने होणार नाही. ज्या मुलीचा मुख्य विषय उर्दू आहे, तिने भाषेच्या क्रेडिटसाठी मराठी घ्यावी. उर्दू तिची होणारच आहे. जिचा मुख्य विषय दुसरा आहे आणि जिला उर्दू सोडवत नाही, तिने उर्दू मायनर मिळते का ते बघावं आणि भाषेत मराठी ठेवावी. महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी मराठी धरली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुढे टीईटीत दोन भाषा आहेत, तलाठी आणि पोलीस भरतीच्या पेपरात मराठी आहे. आणि रेशनच्या दुकानापासून तहसीलपर्यंत अर्ज मराठीतच लिहायचा आहे. "मराठी मुश्किल है" असं म्हणणारी मुलगी भाजीवाल्या मावशींशी फर्डी मराठी बोलताना मी ऐकली आहे. मुश्किल असते ती ऱ्हस्व-दीर्घाची भीती, आणि ती सहा महिन्यांत जाते.

ओपन इलेक्टिव्ह निवडताना फारच अनोखा विषय टाळा. जे बहुतेक कॉलेजांत असतं ते घ्या. मायनरचंही तेच. जिथे जाण्याची शक्यता आहे त्या गावाच्या कॉलेजात तो विषय आहे का, एक फोन करून विचारा. अभ्यासक्रमाची प्रत आणि क्रेडिट लिहिलेली प्रत्येक गुणपत्रिका जपून ठेवा, कारण नवं कॉलेज विषय जुळवताना तीच मागतं. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते निघताना काढा. नंतर त्यासाठी सासरहून माहेरी खेप पडते.

आणि नाव. आपल्याकडे कागदावर 'शेख' कुठे आधी, कुठे शेवटी. आधारवर 'बेगम', गुणपत्रिकेवर नुसतं नाव. निकाहनंतर आधार बदललं की तिसरंच नाव. क्रेडिटचं खातं आधारशी आणि डिजिलॉकरशी जोडलेलं असतं, नाव जुळलं नाही तर आपलेच क्रेडिट आपल्याला परके. पदवी हातात येईपर्यंत नाव बदलण्याची घाई करू नका.

कॉलेजला रोज जाणं जमणार नसेल तर घरी बसण्याआधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची चौकशी करा. त्यांची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. त्यात कमीपणा नाही.

आई-वडिलांना शेवटचं सांगते. मुलीच्या निकाहची बैठक बसते तेव्हा मेहर ठरतो, तारीख ठरते, शादीखाना ठरतो, बिर्याणीच्या देगी मोजल्या जातात. त्याच बैठकीत दोन प्रश्न वाढवा. तारीख सेमिस्टरच्या परीक्षेआधी आहे की नंतर? आणि तिकडच्या कॉलेजात तिचे विषय आहेत का? निकाहनाम्यात शर्त लिहिण्याची मुभा आपल्या शरियतने दिलेली आहे. मुलगी पदवी पूर्ण करेल, ही एक ओळ त्यात लिहून घेतली तर काझीसाहेब नाही म्हणणार नाहीत. तोंडी दिलेला शब्द चांगलाच असतो, पण घरातली कामं वाढली की तो आपोआप मागे पडतो.

ज्या मुलीची गोष्ट सांगितली तिचा परवाच फोन आला होता. मराठीचा पेपर या सत्रात आहे. तिला पत्रलेखन समजावून हवं होतं, कार्यालयीन आणि घरगुती, दोन्ही. पाऊण तास बोललो. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी झाली आणि दोनदा ती उठून परत आली.