खराऱ्याचे दिवस

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सेरेनच्या मानेवरून हात फिरवला, तर तळव्याला पाच-सहा लांब केस चिकटून आले. इथे वेल्समध्ये तेव्हा हौदावरचा बर्फ रोज सकाळी फोडावा लागत होता. तरी केस सुटू लागले होते! उकाडा आला की घोडा केस टाकतो, असं मी समजत होते. पण घोड्याचं शरीर मुख्यतः उजेड मोजतं. २१ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, तो डोळ्यांवाटे मेंदूला कळतो, आणि बाहेर कडाका असतानाच हिवाळी केस सैल होतात.

सेरेन म्हणजे वेल्श भाषेत तारा. कपाळावर पांढरी चांदणी असलेलं हे आमचं तपकिरी तट्टू. वेल्श माउंटन जातीची उंची घोड्यांच्या मापाने बारा हातांच्या, म्हणजे १२२ सेंटिमीटरच्या आत. पण हिवाळ्यात ती अस्वलाच्या पिल्लासारखी दिसते. वरचे राठ केस पाऊस ओघळून घालवतात, आतली मऊ लव ऊब धरते.

आदल्या वर्षी मला दम निघाला नाही. एप्रिलअखेर लेकीचं सेरेनसोबत पहिलं प्रदर्शन, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मशीन लावून सगळे केस उतरवले. आत उगवू लागलेल्या उन्हाळी केसांची टोकंही त्यात छाटली गेली. प्रदर्शनात सेरेनचा रंग उंदरासारखा मळकट दिसला. त्याहून वाईट म्हणजे मार्चच्या पावसात ती कुंपणाला पाठ लावून कुडकुडत उभी असायची. अंगावर झूल घातली, पण तिचं स्वतःचं पांघरूण मी काढून घेतलं होतं. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

यंदा मशीनला हातच लावला नाही. शेजारच्या शेतावरच्या आजी म्हणाल्या, "रोज अर्धा तास द्या, बाकीचं ती करेल." रबरी खरारा गोल गोल फिरवायचा, मग केसांच्या दिशेने ताठ ब्रश. खरारा हा शब्द मला आजोबांकडून मिळालेला; वाईला त्यांचा टांगा होता. घोड्याला खरारा केल्याशिवाय ते चहा घेत नसत.

हाताने काम केलं की केसांखालचं कळतं. दाट केसांत तट्टू गुबगुबीत दिसतं. बोटांनी चाचपल्यावर मला तिच्या बरगड्या लागल्या. मग चारा वाढवला, त्यात शिजवलेलं जवस घातलं. पाठीवर पावसाने धरलेल्या खपल्याही तेव्हाच सापडल्या. आंघोळ मात्र घातली नाही. साबणाने अंगचं तेल जातं, आणि थंडीत तेच तर तिला कोरडं ठेवतं. (म्हाताऱ्या तट्टाचे केस मे उजाडला तरी झडले नाहीत, तर खराऱ्यावर भागवू नये, पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावं. कुशिंग्ज आजाराची ती खूण असते.)

मार्चच्या मध्याला केस पुंजक्यांनी निघू लागले. लेकीचा स्वेटर, माझे बूट, गाडीची सीट, सगळीकडे सेरेन. पाठीवर तांबूस झाक आली, पोटाखाली मात्र जुनी झालर तशीच.

प्रदर्शनाच्या सकाळी जबड्याखाली एक चुकार पुंजका दिसला. लेकीने तो दोन बोटांनी अलगद ओढला, खिशात ठेवला आणि लगाम हातात घेतला.