वर जायचं की आत?

एप्रिल अर्धा उलटला की अमरावती-अकोल्याच्या घरांत वाद सुरू व्हायचा. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारता मारता कुणीतरी विचारायचं, “यंदा वर जायचं की आत?” वर म्हणजे चिखलदरा. आत म्हणजे सेमाडोह नाहीतर कोलकास, सिपना नदीच्या काठचं मेळघाटचं जंगल. सत्तर-ऐंशीच्या दशकात वऱ्हाडात वाढलेल्या आम्हा पोरांना सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न असा फारसा पडलाच नाही. महाबळेश्वर लांब, पचमढी एलटीसीवाल्यांची. आपल्यासाठी परतवाड्यापुढचा घाट.

या वादात घराचे दोन तट पडायचे. आई, काकू, आजी आणि कडेवरची पोरं वरच्या बाजूची. तिथे बाजार होता, दिवे होते, गवळ्यांची रबडी होती आणि कुणाला ताप भरलाच तर डॉक्टर होता. बाबा, मामा आणि मिसरूड फुटू लागलेले दादा आतल्या बाजूचे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं, महाराष्ट्रातलं एकमेव, आणि याचा अभिमान बाबांना स्वतःच्या बढतीपेक्षा जास्त. “वाघ पाहाले जाता का रे पोट्टेहो, का वाघाले दिसाले?” असं आजी विचारायची आणि अर्धी मतं तिथेच फिरायची.

मुक्काम ठरवायचा म्हणजे आधी ओळख शोधायची. हॉटेलं मोजकी, आणि हॉटेलात राहणं हेच अनेक घरांना उधळेपणाचं वाटे. वर बांधकाम खात्याचं रेस्ट हाउस, पुढे एमटीडीसीच्या खोल्या. आत वनखात्याची विश्रामगृहं. ज्याच्या शेजाऱ्याचा साडू वनखात्यात तो भाग्यवान. बाकीच्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहायचा: “माननीय उपवनसंरक्षक यांस सविनय सादर.” खाली माणसांची संख्या, त्यात मुलं किती, तारीख, आणि सोबत जबाबी कार्ड. मग पोस्टमनची वाट पाहायची. उत्तरात होकार असला तरी खाली एक ओळ असेच: सरकारी कामावर अधिकारी आल्यास खोली रिकामी करून द्यावी लागेल. त्या ओळीच्या धसक्याने आई दुसरी सोय मनात तयार ठेवायची. ऐन संध्याकाळी जीप येऊन उभी राहिल्यावर वळकट्या आवरून व्हरांड्यात झोपलेली कुटुंबं तेव्हा बऱ्याच जणांना माहीत होती. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मात्र ऐकलं नाही. व्हरांडा तरी मिळाला, म्हणायचे.

जागा मिळाली की सामान. आतल्या विश्रामगृहात भांडी मिळत आणि चौकीदार नाहीतर खानसामा रांधून देई, पण शिधा आपला. तांदूळ, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तेलाची बरणी, कांदे, सुक्या मिरच्या, लोणचं, आणि पानगे लावायचा कुणाचा बेत असला तर गव्हाचं जाडसर पीठही. बॅटरीचे सेल नवे. होल्डॉलमध्ये चादरी, कारण तिथल्या चादरींवर आईचा विश्वास नव्हता. मूर्तिजापूरकडची मंडळी शकुंतलेने अचलपूरला यायची. ७६ किलोमीटरच्या त्या नॅरोगेजला चार-एक तास लागत, तेवढ्यात दशम्या संपत. आम्ही अमरावतीकर एसटीने परतवाडा गाठायचो आणि तिथे वाटा फुटायच्या. एक गाडी धामणगाव गढीवरून वर चढायची, दुसरी घटांगवरून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे निघायची.

वर गेलं की कार्यक्रम आपोआप ठरत. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, त्यामुळे अकोल्यात पारा ४५ वर असताना तिथे रात्री पांघरूण लागे, आणि नुसतं पांघरूण घेऊन झोपणं हाच अर्धा कार्यक्रम होता. उरलेला पॉइंटांचा. पंचबोलला उभं राहून आपापल्या नावाने ओरडायचं आणि दऱ्यांनी ते परत पाठवायचं. भीमकुंडापाशी, भीमाने कीचकाला मारून इथे हात धुतले, ही गोष्ट दर वर्षी नवीन पोरांना सांगायची. देवी पॉइंटच्या कपारीत झिरपणाऱ्या पाण्याखाली डोकं धरायचं. कॉफीची झाडं दाखवायची आणि “महाराष्ट्रात कॉफी पिकते” हे ऐकून पुण्याच्या पाहुण्यांचा चेहरा कसा होतो ते पाहायचं.

ज्यांचे गुडघे धड त्यांनी गाविलगड गाठायचा. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांकडून हा गड घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच, हे बाबा शार्दूल दरवाज्यापाशी बसून सांगत. आमचं लक्ष दरवाज्यावरच्या दोन डोक्यांच्या गंडभेरुंडाकडे. तो पक्षी खरा की खोटा यावर भावंडांत जेवढी चर्चा झाली तेवढी वेलस्लीवर कधी झाली नाही.

आत गेलं की सगळंच निराळं. कोलकासचं विश्रामगृह सिपनाच्या वर, उंच काठावर. पोहोचल्यावर मोठी माणसं पाण्याची सोय बघत आणि आम्ही टेबलावरची नोंदवही उघडायचो. लांब, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तारीख, नाव, कुठून आलात, किती दिवस, आणि शेवटी शेऱ्याचा रुंद रकाना. सगळी गंमत त्या रकान्यात. कुणी सांबरं मोजून लिहिलेली, कुणी रानगव्यांचा कळप, कुणी अस्वलाची दोन पिल्लं, आणि लगेच खाली डासांबद्दल तक्रार. कुणी इंग्रजीत निसर्गसौंदर्य, कुणी फक्त सही. वाघ दिसल्याची नोंद सापडली की तारखेवरून किती दिवस झाले ते मोजायचं आणि आपली पाळी आलीय असा निष्कर्ष काढायचा. परत निघताना आमच्या ओळीत काय लिहायचं यावर बाबा आणि मामा पुन्हा भांडायचे.

तिथे दिवसाला आकार खानसामा देई. अंधार पडायच्या आत जेवण, कंदिलाच्या काचा राखेने पुसून ठेवलेल्या, त्यानंतर बाहेर पाऊल नाही. पहाटे वनरक्षकासोबत चालत नदीपर्यंत, ओल्या वाळूतले पंजे आणि खूर ओळखत. जमलंच तर खात्याच्या हत्तीवरून फेरी. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास गेलेल्यांपैकी एखाद्या मामाला प्राणिगणनेसाठी मचाणावर बसायला मिळे. तो पुढची दोन लग्नं त्या रात्रीच्या बळावर गाजवायचा. कोरकू पाड्यांवरून ढोल आणि बासरी ऐकू यायची. आम्ही ती ऐकून झोपी जायचो.

वाघ बहुतेकांना दिसला नाही. सागवानाच्या निष्पर्ण रानात मान वर करकरून आम्ही कंटाळायचो, चिडायचो. पुढे १९९७ साली तळोदा-शहादा भागात रानपिंगळा पुन्हा सापडल्याची बातमी आली. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता तो हा पक्षी, आणि नंतर मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं. हा पिंगळा दिवसाउजेडी फिरतो, उघड्या फांदीवर बसतो. आम्ही वाघासाठी झुडपं न्याहाळत असताना तो डोक्यावरच्या सागावर बसलेला असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

त्या वादाचं खरं कारण आता ध्यानात येतं. मुक्काम निवडला की पुढचं काही निवडायचं उरतच नसे. खोली जिथे, तिथे काय करायचं ते ती जागाच सांगे. म्हणून सगळं भांडण आधी, घरी, वाळ्याच्या वासात. तिथे गेल्यावर भांडायला विषय नसे. आजच्या सहलीत ते उलटं झालंय. मुलं पुण्याहून आधी सफारीची वेळ ऑनलाइन पकडतात, मग जवळची खोली, मग सुट्टी. त्यात सोय आहे, आणि साहेबाच्या जीपची धास्तीही गेली. नव्वदच्या दशकात कुपोषणाच्या बातम्या येऊ लागल्यावर मेळघाट हे नुसतं सुट्टीचं ठिकाणही राहिलं नाही. ज्या पाड्यांवरच्या ढोलाने आम्हाला झोप लागायची तिथलं जगणं कसं आहे हे वर्तमानपत्राने सांगितलं. आता जाणाऱ्यांनी कोरकू वाटाड्याला बोलतं करावं. जंगलाची अर्धी माहिती त्याच्याकडे आणि गावाची सगळी.

घरातल्या नव्या मंडळींनी विचारलं तर आमची पिढी साधारण एकच सल्ला देते. दोन रात्री हाताशी असतील तर एक वर आणि एक आत अशी वाटणी करू नका, दिवस घाटात जातो. पावसाळ्यात गाभ्यातल्या वाटा बंद असतात, तेव्हा सरळ वर जा आणि धुकं, धबधबे, भजी यांवर समाधान माना. मे महिन्यात पाणवठे मोजके उरतात आणि जनावर तिथेच येतं, तेव्हा आत जा, पण उन्हाची तयारी ठेवून. आजी आणि चार वर्षांचं पोर दोघंही सोबत असतील तर दिवाळीनंतरचा हिवाळा धरा, सेमाडोहला खोली घ्या आणि सफारी एकच घ्या. उरलेल्या वेळात त्यांना नदीकाठी बसू द्या, कारण त्या दोघांनाही जीपमध्ये तीन तास हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा तेच जास्त आवडतं.