धारूरची दरीकडली बाजू

पौषातल्या सकाळी कातळ हाताला चटका लावावा तसा गार लागतो. धारूरच्या किल्ल्याखालच्या दरीत ऊन लवकर उतरत नाही, आणि बोटं बधिर झाली की पकड फसवी होते. गावाकडून पाहिलं तर हा किल्ला डोंगरी वाटतच नाही. रस्ता थेट दरवाजाशी जातो. म्हणून आम्ही मागच्या अंगाने, दरीतून निघालो. तटाला हात लावायचा नाही, चढायचे ते फक्त त्याखालचे कातळटप्पे, हे आधीच ठरलं होतं.

बालाघाटचा बेसाल्ट थराथरांनी बसलाय. टणक कडा, मग मुरमाचा घसारा, पुन्हा कडा. धरण्याआधी दगड मुठीने ठोकायचा. पक्का असेल तर टणटणतो, सुटलेला बद्द वाजतो. तीन आधार घट्ट, मगच चौथा हलवायचा. मधल्या घसाऱ्यावर घाणेरी आणि सीताफळीची झुडपं. त्यांच्या फांद्यांवर भार टाकायचा नाही.

वर पोचताना दम लागला आणि किश्वरखानाची नजर कळली. या आदिलशाही सरदाराने 1567च्या सुमारास, निजामशाहीच्या अगदी तोंडावर, हा किल्ला उभारला. मुर्तझा निजामशहा संतापून चालून आला. किल्ल्यात शिरल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही, अशी शपथ त्याने घेतल्याचं इतिहासकार फरिश्ता लिहितो. तोफांचा मारा चालू असताना एक बाण किश्वरखानाला लागला, तो मेला आणि किल्ला पडला.

1631 साली शाहजहानचा सरदार आझमखान आला. दोन्ही बाजूंच्या खोल दऱ्यांची दहशत मुघल इतिहासकारांनीही नोंदवली आहे. आझमखान त्या दऱ्यांच्या वाटेला गेला नाही. त्याने आधी आठवडी बाजाराची पेठ लुटली, मग खंदक गाठला आणि किल्ला घेतला. माझं मत पक्कं झालं: धारूरचा कडा कधी हरलाच नाही, हरली ती गावाकडली सपाट बाजू.

आत गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशी तळी आहेत. गोड्या पाण्याशेजारीच खारं, समुद्रापासून इतक्या दूर! इतक्या पाण्यावर शिबंदी जगायची. पाण्याची ओढ या तालुक्यात आजही आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं थंडीभर कुलूपबंद असतात. दरवाजातून गावात उतरलो, तेव्हा वाटेवरच्या घरांना ओळीने कड्या लावलेल्या होत्या.