‘अछूत कन्या’चा जर्मन दिग्दर्शक

आमच्या जुन्नर-आंबेगावात इतिहास म्हटला की शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री हीच नावे ओठी येतात. चित्रपटाला त्या पंगतीत कोणी बसवीत नाही. तरीही नारायणगावी, तमाशाच्या या पंढरीत राहून, मी गेले काही दिवस एका जर्मन दिग्दर्शकाचा विचार करतो आहे.

फ्रान्झ ऑस्टेन. जन्म म्युनिकचा, १८७६ चा. मूळ आडनाव ऑस्टरमायर. हिमांशू राय यांच्यासह त्याने बुद्धचरित्रावरील ‘प्रेम संन्यास’ (१९२५) हा मूकपट केला, पुढे ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा छायाचित्रकार योसेफ विर्शिंगसह तो तेथे आला. त्याला हिंदी येत नव्हते. तरी १९३९ पर्यंत त्याने डझनभराहून अधिक हिंदी बोलपट दिग्दर्शित केले!

त्यांतला ‘अछूत कन्या’ १९३६ चा. रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याची दलित मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही कथा. (आमच्या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही, पुणे-नाशिक मार्गाची चर्चा तेवढी धावते.) रूळ नसले, तरी त्या गावातली शिवाशिव आम्हांला परकी नाही. आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे, १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला होता. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. अशा तापलेल्या काळात हा बोलपट आला. तो मला पुरता धीट मात्र वाटत नाही: अखेरीस गाडीखाली प्राण जातो तो कस्तुरीचाच, आणि गाव आपल्या जागी राहते. देविका राणींची कस्तुरी गोड आहे, पण फार नीटनेटकी; उन्हातान्हात राबलेली ती वाटत नाही.

आता खरी अडचण. त्याच १९३६ मध्ये ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला. आदल्याच वर्षी न्युरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीत ज्यूंचे नागरिकत्व हिरावले होते, ज्यू आणि इतर जर्मनांच्या विवाहावर बंदी आली होती. म्हणजे मालाडला जातीपलीकडच्या प्रेमाची शोकांतिका चित्रित करणारा माणूस, मायदेशी अशाच प्रेमाला गुन्हा ठरविणाऱ्या पक्षात नाव नोंदवीत होता. त्याच मुंबईत हिटलरच्या छायेतून निसटलेला वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार १९३४ पासून राहत होता.

काहीजण म्हणतात, कथा निरंजन पाल यांची, संस्था राय यांची. ऑस्टेनने केवळ कॅमेऱ्यामागे काम केले. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. कस्तुरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ ठेवायचा, हे दिग्दर्शकच ठरवितो. ती करुणा त्याला दिसली होती. दिसूनही त्याने सभासदत्व घेतले, म्हणून अज्ञानाची सबब मी त्याला देणार नाही. चित्रपट मात्र मी टाकून देत नाही. पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवतो.

१९३९ मध्ये युद्ध पेटले. ‘कंगन’चे काम चालू असताना ब्रिटिशांनी बॉम्बे टॉकीजच्या जर्मनांना अटक केली. वय पाहून ऑस्टेनला पुढे मायदेशी जाऊ दिले. १९५६ मध्ये तो वारला. विर्शिंगही स्थानबद्ध झाला, पण युद्धानंतर येथेच राहिला. ‘महल’ (१९४९) मधल्या त्या सावल्या त्याच्याच, आणि १९६७ मध्ये त्याला मृत्यू आला तेव्हा ‘पाकीज़ा’ अपुरा होता.