वेगदेवतेचा नैवेद्य

रॉजर डोनाल्डसनचा 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हा 2005 चा चित्रपट वेगाचा म्हणून ओळखला जातो. मला तो आवडतो त्यातल्या सबुरीसाठी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. तिथल्या बर्ट मन्रोने 1920 मध्ये 'इंडियन स्काउट' ही अमेरिकी मोटरसायकल घेतली आणि पुढचं सगळं आयुष्य तिच्यावरून ओवाळून टाकलं. कारखान्यातून आली तेव्हा ती ताशी जेमतेम 90 किलोमीटर पळायची.

अँथनी हॉपकिन्सने रंगवलेला भाबडा, हट्टी मन्रो मनात घर करतोच. पण माझी नजर अडकते ती त्याच्या शेडमधल्या एका फळीवर. फुटलेले पिस्टन, मोडलेले सुटे भाग तिथे मांडून ठेवलेले असतात, आणि सोबत पाटी: वेगदेवतेला नैवेद्य. खऱ्या मन्रोच्या शेडमध्येही ही फळी होती. त्यातले कित्येक भाग त्याने स्वतः घडवले होते. जुने पिस्टन वितळवायचे, रस साच्यात ओतायचा, निवला की घासून घासून मापात आणायचा. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू चाचणीत क्षणात फुटायची. मग ती फळीवर जायची आणि मन्रो पुन्हा कानस हातात घ्यायचा. अपयश असं उजळ माथ्याने मांडून ठेवायला मोठी निष्ठा लागते.

अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्राचीन सरोवर आटून उरलेल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर मन्रो विक्रमासाठी धावायचा. तिथली विक्रमाची रीत मला फार न्यायाची वाटते. एकदा इकडून तिकडे धावायचं, मग तिकडून इकडे. दोन्हींची सरासरी तोच विक्रम. जाताना वाऱ्याने केलेली मेहेरबानी येताना फेडावी लागते. 1967 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, मन्रोने तिथे 1000 सीसीखालच्या गटात ताशी 183.59 मैलांचा, म्हणजे सुमारे 295 किलोमीटरचा विक्रम केला. गाडी तेव्हा 47 वर्षांची होती.

चित्रपटाने त्याच्या अनेक वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत आणि पडद्यावरचा काटा 200 मैलांपलीकडे नेला आहे. कथेला तेवढी मुभा असावी. पण खऱ्या आकड्याचं मोल मला जास्त वाटतं, कारण त्यातला प्रत्येक मैल मन्रोने कानशीने घासून मिळवला होता.

मन्रो 1978 मध्ये वारला. पुढे त्याच्या मुलाला जुन्या नोंदीतली आकडेमोड चुकल्याचं दिसलं आणि 2014 मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने विक्रम दुरुस्त केला: ताशी 184.087 मैल. आयुष्यभर मापात काटेकोर राहिलेल्या माणसाला त्याच्या हक्काचा तो अर्धा मैल मिळायलाच हवा होता.